नर्सिंग होमचा दर्जा कोण सांगणार?

विशेष प्रतिनिधी

अमरावती : दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर... यांपैकी कोणत्याही गावाहून रुग्णाला घेऊन निघालेली गाडी अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या वेशीत शिरते, तेव्हा आत बसलेल्या नातेवाइकांपुढे एकच प्रश्न असतो. न्यायचे कुठे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा गावातल्या डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिलेले असते. ते नसेल तर गाडीचा चालक सांगतो, किंवा मागल्या वर्षी ज्यांच्या सुनेचे बाळंतपण शहरात झाले त्या शेजाऱ्यांचा फोन लावला जातो. काही मिनिटांत गाडी एखाद्या नर्सिंग होमच्या दारात उभी राहते. नातेवाईक फरशीची चकाकी पाहतात, पाटीवरील पदव्यांची रांग पाहतात आणि 'डॉक्टरसाहेब, आता तुम्हीच पाहा' असे म्हणून रुग्ण स्वाधीन करतात.

हेच कुटुंब मृगाच्या तोंडावर कपाशीचे बियाणे घ्यायला जाते, तेव्हा पिशवी उलटसुलट करून पाहते. तिच्यावर लॉट क्रमांक असतो, मुदत असते, उगवणशक्तीचे प्रमाण छापलेले असते. ४७५ ग्रॅमच्या पिशवीबाबत जेवढी माहिती वऱ्हाडातील शेतकऱ्याला कायद्याने मिळते, तेवढी त्याच्या बायकोच्या शस्त्रक्रियेबाबत मिळत नाही. खासगी आरोग्यसेवेच्या दर्जाची चर्चा सुरू करायची ती येथून.

शब्द एक, अर्थ दोन

प्रथम शब्दाचा खुलासा केलेला बरा. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये 'नर्सिंग होम' म्हटले की वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेची संस्था डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ आहे छोटे खासगी रुग्णालय. तळमजल्यावर औषधांचे दुकान, पहिल्या मजल्यावर तपासणीची खोली आणि दहा-वीस खाटांचा वॉर्ड, त्याच्यावर शस्त्रक्रियागृह आणि अगदी वर डॉक्टर दांपत्याचे घर, ही रचना विदर्भातील प्रत्येक शहराला परिचयाची आहे. अमरावतीला इर्विन आणि डफरीन, अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लेडी हार्डिंग ही सरकारी रुग्णालये आहेत. अकोल्याचे महाविद्यालय २००२ पासून आणि अमरावतीचे २०२४ पासून सुरू आहे. तरीही मध्यमवर्गाचा आणि बऱ्याचशा गरिबांचाही पहिला ओढा नर्सिंग होमकडे असतो, आणि म्हणूनच त्यांच्या दर्जाचा प्रश्न सार्वजनिक ठरतो.

कायद्याच्या मराठी भाषेत याच संस्थेला 'शुश्रूषागृह' म्हणतात. तिची नोंदणी ज्या कायद्याने होते तो मूळचा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ सालचा आहे. त्याची नियमावली १९७३ ची, आणि तिच्यात मोठी सुधारणा झाली ती १४ जानेवारी २०२१ रोजी. केंद्राने २०१० साली वैद्यकीय आस्थापनांसाठी स्वतंत्र कायदा केला, पण आपल्या राज्याने तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे पाऊणशे वर्षांपूर्वीचा कायदा आणि २०२१ चे नियम, एवढीच शिदोरी निरीक्षकाच्या हाती आहे.

परवान्याची मर्यादा

ही शिदोरी अगदीच कामाची नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोंदणीशिवाय शुश्रूषागृह चालवता येत नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते आणि दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. शहरात हा अधिकार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, तर शहराबाहेर जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे आहे. मूळ कायद्यातच एक महत्त्वाची तरतूद आहे. शुश्रूषेचे काम करणाऱ्यांमध्ये पात्रताधारक परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल, किंवा प्रसूतिगृहात पात्रताधारक सुईण नसेल, तर नोंदणी नाकारता येते. म्हणजे दर्जाचा कणा परिचारिका हा आहे, हे १९४९ च्या विधिमंडळाने ओळखले होते.

अडचण पुढे आहे. परवाना किमान अटींची पूर्तता झाल्याचे सांगतो, त्यापुढे काही सांगत नाही. परीक्षेत ३५ गुण मिळवणारा आणि ९५ गुण मिळवणारा या दोघांच्या भिंतीवर एकच प्रमाणपत्र लागते. शिवाय ते प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाचे असते. त्या दिवशी हजेरीपटावर असलेल्या परिचारिका पुढच्या महिन्यात नोकरी सोडून गेल्या, दहा खाटांच्या जागेत पंधरा खाटा पडल्या, तर नातेवाइकांना ते कळण्याचा मार्ग नाही.

मुदत संपलेला परवाना किती महाग पडतो हे दिल्लीने पाहिले. २५ मे २०२४ च्या रात्री विवेक विहार भागातील नवजात बालकांच्या खासगी रुग्णालयाला आग लागली आणि त्या रात्रीत ६ बालके दगावली. रुग्णालयाच्या परवान्याची मुदत ३१ मार्च रोजीच संपली होती आणि तो परवाना अवघ्या ५ खाटांचा होता, ही माहिती पोलिसांनी नंतर दिली. आगीच्या वेळी आत १२ बालके होती. भरती करण्यासाठी आलेल्या एखाद्या बापाने भिंतीवरच्या कागदावरील तारीख आणि खाटांचा आकडा वाचला असता, तर? असा प्रश्न विचारणे सोपे आहे. पण तापाने फणफणलेले मूल हातात असताना कागद वाचण्याची जबाबदारी बापावर टाकणारी व्यवस्थाच सदोष आहे.

आगीचा ताळेबंद

महाराष्ट्रालाही हा धडा नवा नाही. २०२१ हे एकच वर्ष पाहा. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात १० बालके गेली. ९ एप्रिलला नागपूरलगतच्या वाडी येथील खासगी रुग्णालयात ४ जण, २३ एप्रिलला विरारच्या खासगी रुग्णालयात किमान १३ जण आणि ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ जण मृत्युमुखी पडले. वर्षभराने, सप्टेंबर २०२२ मध्ये, अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयातील नवजात कक्षातही आग लागली आणि बालकांना धावपळ करून दुसरीकडे हलवावे लागले. या यादीत सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालये आहेत. तेव्हा दर्जाचा प्रश्न केवळ खासगी नर्सिंग होमचा आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे 'ब' नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावे लागते. रुग्णालयाची सुरक्षितता पाहू इच्छिणाऱ्या नागरिकाला विचारण्याजोगा हा अगदी सोपा प्रश्न आहे. याखेरीज डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या. जिना एकच आहे की दोन? दुसऱ्या जिन्याला कुलूप तर नाही? त्याच्या तोंडाशी प्राणवायूची रिकामी नळकांडी आणि मोडक्या खाटा रचलेल्या तर नाहीत? लिफ्ट बंद पडली तर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण स्ट्रेचरवरून जिन्याने खाली आणता येईल का? राहत्या घराचे रुग्णालय झालेल्या इमारतींत या प्रश्नांची उत्तरे अस्वस्थ करणारी निघतात.

दर्जाच्या तीन कसोट्या

आरोग्यसेवेचा दर्जा मोजावा कसा, यावर जगभर बरेच लिहिले गेले आहे. त्याचा पाया अवेडिस डोनाबेडियन या अभ्यासकाने १९६६ साली घातला. त्यांची मांडणी सोपी होती. दर्जा तीन ठिकाणी पाहावा: साधने काय आहेत, काम कसे चालते आणि परिणाम काय होतो.

आपले नातेवाईक आणि आपला परवाना, दोघेही पहिल्या पायरीवरच थांबतात. यंत्रे, खाटा, खोलीचे चौरस फूट, पाटीवरील पदव्या. साधनांतील सर्वांत निर्णायक घटक मात्र नजरेत भरत नाही. तो म्हणजे रात्रपाळीची परिचारिका. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांवर आधारित एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबाबत त्यात असे आढळले, की एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. भारतीय परिचर्या परिषदेचे मानक अतिदक्षता कक्षात एका खाटेमागे एक परिचारिका असावी असे सांगते. आपल्याकडील 'आयसीयू'च्या पाट्या मोजल्या आणि रात्री दोन वाजता तेथे जागी असलेली शिक्षित माणसे मोजली, तर हे दोन आकडे किती जुळतील?

येथे 'शिक्षित' या शब्दाला महत्त्व आहे. पांढरा गणवेश घातलेली प्रत्येक मुलगी परिचारिका नसते. जीएनएम किंवा एएनएम अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली ती परिचारिका. बारावीनंतर थेट कामाला लागलेल्या, अनुभवाने शिकलेल्या मुली अनेक छोट्या रुग्णालयांत मनापासून काम करतात. त्यांच्या कष्टांविषयी शंका नाही. परंतु बाळंतिणीचा रक्तस्राव प्रमाणाबाहेर जातो आहे, नाडी जलद झाली आहे, रक्तदाब उतरतो आहे, हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखणे केवळ मायेने साधत नाही, त्याला शिक्षण लागते. हीच गोष्ट रात्रीच्या डॉक्टरांची. तज्ज्ञाचे नाव पाटीवर असते. रात्री प्रत्यक्ष हजर असलेल्या डॉक्टरची पदवी आयुर्वेदाची आहे, होमिओपॅथीची आहे की ॲलोपॅथीची, आणि तज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचू शकतो, हे भरती होण्यापूर्वी विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

दुसरी कसोटी कामाच्या पद्धतीची. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक पानाची तपासणी सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांवर सर्वांनी क्षणभर थांबायचे. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची बाजू तीच ना, कापसाचे बोळे आणि साधने मोजून पूर्ण भरली का, हे मोठ्याने विचारायचे. आठ देशांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्यांत एक रुग्णालय दिल्लीचे होते. या सूचीला यंत्र लागत नाही, वातानुकूलन लागत नाही. छापील कागद आणि शिस्त एवढेच लागते. दहा खाटांचे नर्सिंग होम या बाबतीत महानगरातील पंचतारांकित रुग्णालयाची बरोबरी आजच करू शकते. हात धुण्याची सवय, निर्जंतुकीकरणाची नोंदवही, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांत होणारी योग्य विभागणी, यांचेही तसेच आहे.

'नागपूरला हलवा'

तिसरी कसोटी परिणामांची, आणि तीच सर्वांत फसवी. ज्या रुग्णालयात मृत्यू कमी ते चांगले, असे वरवर वाटते. पण वऱ्हाडातील प्रत्येक कुटुंबाने कधी ना कधी ऐकलेले एक वाक्य या हिशेबात धरावे लागते : 'पेशंटला नागपूरला हलवा.' अमरावतीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. शेवटच्या घटकेला हलवलेला रुग्ण रस्त्यात किंवा नागपूरला पोहोचून दगावला, तर तो मृत्यू मूळ रुग्णालयाच्या खात्यावर चढत नाही. उलट गुंतागुंतीचे रुग्ण प्रामाणिकपणे स्वीकारणाऱ्या डॉक्टरच्या नावावर मृत्यू अधिक दिसतात. मेळघाटातील धारणीहून शंभराहून अधिक किलोमीटरचा घाटरस्ता कापून आलेली रक्तक्षयाची माता आणि शहरातील सुस्थितीतली बाळंतीण, या दोघींना एका तागडीत तोलता येत नाही.

म्हणून रुग्ण हलवण्याची पद्धत हीच दर्जाची खरी परीक्षा मानायला हवी. आपल्याकडे काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही, हे रुग्णालयाने पहिल्या तासात सांगितले का? पुढच्या रुग्णालयाशी आधी बोलणे झाले का? सोबत डॉक्टर किंवा परिचारिका दिली का? दिलेल्या औषधांची वेळेसह लेखी नोंद हातात ठेवली का? ज्या ठिकाणी या चारही प्रश्नांचे उत्तर 'होय' असे येते, ते नर्सिंग होम लहान असले तरी चांगले. जेथे बिल पूर्ण वसूल झाल्यावरच 'हलवा' हा शब्द उच्चारला जातो, तेथे संगमरवराचा उपयोग नाही.

सिझेरियनचे प्रमाणही असेच जपून वाचावे लागते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. एवढी तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी पडत नाही, हे उघड आहे. तरी एखाद्या विशिष्ट डॉक्टरकडील प्रमाण जास्त का, याचे उत्तर त्याच्याकडे येणाऱ्या रुग्णांवरही अवलंबून असते. आकडा हवा, आणि त्याचा अर्थ लावणारा जाणकारही हवा.

पैशांचा हिशेब

दर्जाच्या चर्चेत पैशांचा विषय टाळता येणार नाही. २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि १५ बाबींचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. प्रवेश शुल्क, खाटेचे दिवसाचे भाडे, अतिदक्षता कक्ष, डॉक्टरांची भेट, भूल, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा, प्राणवायू, व्हेंटिलेटर अशा बाबी त्यांत येतात. रुग्णालयाच्याच दुकानातून औषधे घेण्याची सक्ती करता येत नाही, बिल थकले म्हणून पार्थिव अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्क सनद स्वीकारण्यास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ साली राज्यांना सांगितले होते. त्याचे हे कायदेशीर रूप होय. पुढच्या वेळी नर्सिंग होममध्ये पाऊल टाकाल तेव्हा भिंतीवर ही दोन पत्रके शोधून पाहा. कॅलेंडर आणि देवतांच्या तसबिरींमध्ये ती सापडली, तर त्या रुग्णालयाने कायदा वाचला आहे असे समजायला हरकत नाही.

दर जाहीर करणे शक्य नाही, हा युक्तिवाद करोनाच्या काळाने खोटा ठरवला. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता कक्षासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचा पहिला तडाखा अमरावती-अकोल्यालाच बसला. त्या दिवसांत 'लेखापरीक्षक' हा शब्द येथील सामान्य माणसाला बिलाच्या निमित्ताने माहीत झाला. साथ ओसरली आणि हिशेबाची ती सवयही ओसरली.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हा दुसरा धागा. ती २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. आता सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी तिची व्याप्ती ५ लाख रुपयांपर्यंत वाढली आहे. योजनेत सामील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. तो जागेवर असतो का, आणि 'या आजाराला योजना लागत नाही' हे उत्तर तो स्वतः देतो की स्वागतकक्षातील कर्मचारी परस्पर देतात, हेही दर्जाचे एक माप आहे.

आणि मग ती चिठ्ठी. गावातल्या डॉक्टरने शहरातील विशिष्ट नर्सिंग होमचे नाव लिहून देण्यामागे कित्येकदा निखळ विश्वास असतो. कधी त्यामागे टक्केवारीही असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्ण पाठवण्याबद्दल मोबदला घेण्यास आणि देण्यास मनाई केली आहे. राज्याने २०१७ साली 'कट प्रॅक्टिस'विरोधी कायद्याचा मसुदाही तयार केला होता. तो कायदा झाला नाही. माहितीची जागा रिकामी असली की ती दलाली भरून काढते, हा बाजाराचा नियम धान्याच्या मंडीत आणि रुग्णालयात सारखाच लागू पडतो.

डॉक्टरांची बाजू

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजू मांडणे हे कर्तव्य ठरते. जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतःचे भांडवल घालून, कर्ज काढून रुग्णालय उभारणारा डॉक्टर हाच अजूनही वऱ्हाडातील आरोग्यसेवेचा मोठा आधार आहे. नोंदणी, अग्निशमन, प्रदूषण नियंत्रण, गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा अशा अनेक खात्यांचे कागद त्याला सांभाळावे लागतात. शिक्षित परिचारिका मिळत नाहीत, मिळाल्या तर पुण्या-मुंबईच्या पगाराकडे ओढल्या जातात. सरकारी योजनांचे दर आणि त्यांची रक्कम हाती पडण्याचा वेळ, या दोन्हींबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत. रुग्ण दगावला की जमाव येतो. २०१० साली डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करूनही तोडफोड थांबलेली नाही. मोठ्या रुग्णालयांच्या नजरेतून केलेले निकष दहा खाटांच्या नर्सिंग होमवर जसेच्या तसे लादले, तर ती बंद पडतील आणि स्वस्त उपचारांची जागा महाग साखळी रुग्णालये घेतील, ही भीती निराधार नाही.

परंतु नेमके याच कारणासाठी चांगल्या नर्सिंग होमला दर्जाची जाहीर ओळख हवी. आज रात्रपाळीला दोन शिक्षित परिचारिका ठेवणाऱ्या डॉक्टरचा खर्च वाढतो आणि त्याचे श्रेय त्याला मिळत नाही, कारण शेजारच्या चकचकीत इमारतीत तो खर्च वाचवला जातो हे कोणालाच दिसत नाही. माहितीच्या अभावी जो तोटा रुग्णाचा होतो, तोच प्रामाणिक डॉक्टरचाही होतो.

स्वेच्छेने दर्जा तपासून घेण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या 'एनएबीएच' या मंडळाचे ५० खाटांपर्यंतच्या लहान रुग्णालयांसाठी वेगळे निकष आहेत आणि प्रमाणित रुग्णालयांची यादी त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फॉग्सी' या महासंघाने खासगी प्रसूतिगृहांसाठी १६ निकषांचा 'मान्यता' उपक्रम चालवला आहे. मात्र हे मार्ग ऐच्छिक असल्याने ज्यांना तपासणीची सर्वाधिक गरज आहे, तेच त्यांपासून दूर राहतात.

बाहेरचा अनुभव

इंग्लंडमध्ये २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन ही संस्था रुग्णालये आणि शुश्रूषागृहे तपासते. 'उत्कृष्ट', 'चांगले', 'सुधारणा आवश्यक' आणि 'अपुरे' अशा चार श्रेण्या देते. २०१५ पासून ही श्रेणी दारावर लावणे सक्तीचे आहे. अमेरिकेने वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी डिसेंबर २००८ मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत सुरू केली. तिचा अनुभव सावध करणारा आहे. कर्मचारी किती, याचे आकडे संस्था स्वतःच कळवत, आणि ते फुगवले जात असल्याच्या तक्रारी झाल्या. पुढे पगारपत्रकांवरून कर्मचारी मोजण्याची पद्धत आणावी लागली. इंग्लंडच्या तपासणी यंत्रणेवरही २०२४ मधील सरकारी आढाव्यात कठोर ताशेरे ओढले गेले. तात्पर्य एवढेच, की नुसते तारे वाटून दर्जा कळत नाही. तपासणी अचानक व्हावी लागते, आकडे कागदपत्रांशी ताडून पाहावे लागतात आणि अहवाल लोकांपुढे ठेवावा लागतो.

आपल्याकडे तपासणी होते, पण बहुधा काही भयंकर घडल्यावर. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे १९ भ्रूण सापडले आणि जानेवारी २०२२ मध्ये अमरावतीच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आर्वी येथील खासगी रुग्णालयाच्या आवारात कवट्या आणि हाडे सापडली. दोन्ही वेळा यंत्रणा खडबडून जागी झाली. तपासणीचे आदेश निघाले. त्या तपासणीत आपल्या गल्लीतील नर्सिंग होमविषयी काय आढळले, हे मात्र नागरिकाला कळले नाही.

करता येण्याजोगे

नागरिकाने आपल्या परीने काय करावे? निकडीची वेळ येण्यापूर्वी, विशेषतः घरात बाळंतपण असेल किंवा ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर, एकदा शांतपणे जाऊन यावे. जमल्यास संध्याकाळी सात-आठनंतर जावे. नोंदणी प्रमाणपत्रावरील मुदत आणि खाटांची संख्या वाचावी. रात्री कोण असते, भूलतज्ज्ञ कोण, रक्त कोठून येते आणि किती वेळात, हे विचारावे. अंदाजे खर्च लिहून मागावा. संमतिपत्र वाचल्यावाचून सही करू नये. शस्त्रक्रियेपूर्वी तिची पुरेशी माहिती देऊनच रुग्णाची संमती घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. घरी जाताना कागदपत्रांच्या प्रती मागाव्यात. मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या देणे आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. जो रागावतो, त्याने एका प्रश्नाचे उत्तर न विचारताच दिलेले असते.

परंतु सगळा भार रुग्णावर टाकून यंत्रणेला मोकळे होता येणार नाही. अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांना नवा कायदा न करताही एक पाऊल उचलता येईल. शहरातील प्रत्येक नोंदणीकृत शुश्रूषागृहाचे नाव, मंजूर खाटा, नोंदणीची मुदत, अग्निशमन प्रमाणपत्राची तारीख, नोंदणीकृत परिचारिकांची संख्या आणि शेवटच्या तपासणीतील निष्कर्ष, एवढ्या सहा गोष्टी मराठीत संकेतस्थळावर टाकाव्यात आणि रुग्णालयाच्या दारावर लावायला सांगाव्यात. ही सारी माहिती महापालिकेच्या कपाटांत आजही असायला हवी. नसेल, तर परवाने कशाच्या आधारे नूतनीकृत होतात, हा त्याहून गंभीर प्रश्न आहे. सरकारी रुग्णालयांनाही हाच नियम लागू करावा, म्हणजे पक्षपाताची तक्रार उरणार नाही.

बियाण्याच्या पिशवीवरील लेबल सहजासहजी आलेले नाही. पेरलेले उगवले नाही म्हणून हवालदिल झालेल्या शेतकऱ्यांच्या अनुभवातून ते कायद्यात आले. रुग्णालयाच्या दारावरील लेबलासाठी आणखी किती अनुभव हवेत, हे ठरवण्याची वेळ या दोन शहरांच्या लोकप्रतिनिधींवर आली आहे. तोवर अंजनगावहून निघालेली गाडी रात्री शहरात शिरत राहील आणि 'न्यायचे कुठे?' या प्रश्नाचे उत्तर गाडीचा चालक देत राहील.